मानेतून उद्भवणारी डोकेदुखी : प्रत्येकाची वेदना निराळी का असते?

रुग्ण, कुटुंबीय आणि आरोग्य कार्यकर्ते यांच्यासाठी माहितीपत्रक

देशाच्या तीन कोपऱ्यांतील तीन दवाखान्यांत, एकाच सकाळी, तीन व्यक्ती एकच तक्रार घेऊन आल्या आहेत, अशी कल्पना करा. तक्रार अशी : "मान धरते आणि तेच दुखणे डोक्यात चढते."

पहिली व्यक्ती लखनौमध्ये चिकनकारीचे भरतकाम करणारी पंचेचाळीस वर्षांची महिला आहे. संध्याकाळ झाली की तिच्या डोक्याची मागची बाजू जड होते; तरीही ती स्वयंपाक आटोपून पुन्हा सुई हाती घेते. दुसरी व्यक्ती सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडणारा अठ्ठावीस वर्षांचा तरुण आहे. मानेतून निघालेली कळ त्याच्या उजव्या डोळ्यामागे जाऊन बसते आणि त्याला काम टाकून आडवे व्हावे लागते. क्ष-किरण तपासणीत मात्र काहीच आढळलेले नाही. तिसरी व्यक्ती आसाममध्ये चहाच्या मळ्यात अनेक वर्षे डोक्याला पट्टा अडकवून टोपली वाहिलेली साठीची महिला आहे. तिच्या मानेच्या मणक्यांची झीज चित्रात स्पष्ट दिसते, पण तिचे डोके महिन्यातून एकदोनदाच दुखते.

ही उदाहरणे कल्पित आहेत. मात्र अशा व्यक्ती प्रत्येक दवाखान्यात भेटतात. तिघांचे निदान एकच असू शकते, पण तिघांची वेदना एक नाही. यांपैकी कोणाची वेदना खरी आणि कोणाची खोटी, असा प्रश्न विचारणेच चुकीचे आहे. हा फरक कशामुळे पडतो आणि तो समजून घेतल्याने आपल्या उपचारात काय बदलते, हे सांगण्यासाठी हे माहितीपत्रक आहे.

ही डोकेदुखी म्हणजे काय?

डोकेदुखीचे मूळ डोक्यात नसून मानेचे सांधे, स्नायू, गाद्या किंवा चेता यांत असते, तेव्हा तिला मानजन्य डोकेदुखी म्हणतात. या आजाराला स्वतंत्र ओळख मिळवून देण्याचे श्रेय नॉर्वेतील चेताविकारतज्ज्ञ ओत्तार स्योस्ताद यांना दिले जाते. त्यांनी १९८३ मध्ये त्याचे वर्णन केले. तिची नेहमी आढळणारी लक्षणे अशी आहेत :

• दुखणे मानेच्या मागून किंवा कवटीच्या तळाशी सुरू होऊन पुढे कपाळ, कानशील किंवा डोळ्याभोवती पसरते.
• ते बहुधा एकाच बाजूला असते आणि सहसा बाजू बदलत नाही.
• मान वळवल्याने, वर-खाली केल्याने किंवा एकाच स्थितीत फार वेळ ठेवल्याने ते वाढते.
• मानेची हालचाल पूर्वीपेक्षा कमी झालेली असते.

अर्धशिशीतही मान दुखते, हे आवर्जून लक्षात ठेवावे. डोके ठसठसणे, मळमळणे, उजेड आणि आवाज सहन न होणे ही लक्षणे अर्धशिशीत ठळक असतात. डोक्याभोवती दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखे वाटणे हे तणावजन्य डोकेदुखीचे लक्षण मानले जाते. एकाच व्यक्तीला दोन प्रकारची डोकेदुखी असू शकते. म्हणून "मान दुखते, म्हणजे मानेचीच डोकेदुखी" असा निष्कर्ष स्वतः काढू नये. निदान वैद्यकीय अधिकाऱ्यांना करू द्यावे.

बिघाड मानेत, मग दुखते डोके, असे का?

मानेत सात मणके असतात. त्यांतील वरचे दोन मणके डोके तोलतात आणि वळवतात. मान उजवी-डावीकडे फिरते त्यातील जवळपास निम्मी हालचाल या दोघांमधील सांध्यात होते. मानेच्या वरच्या तीन चेता-जोड्या (बोलीभाषेत 'नसा') या भागातील संवेदना मेरुरज्जूपर्यंत पोहोचवतात. कपाळ, डोळे व चेहरा यांची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल चेताही मेरुरज्जूच्या त्याच भागात येऊन मिळते.

दोन रस्ते एकाच नाक्यावर मिळावेत तसे हे आहे. नाक्यापुढे गेल्यावर संदेश नेमका कोणत्या रस्त्याने आला, हे मेंदूला नेहमीच अचूक ओळखता येत नाही. परिणामी बिघाड मानेत असतो आणि दुखणे डोळ्यामागे जाणवते. निरोगी स्वयंसेवकांच्या मानेतील वरच्या सांध्यांना प्रयोगासाठी मुद्दाम ताण दिला असता, त्यांनाही डोक्याच्या मागील भागात दुखल्याचे आढळले आहे. तेव्हा मानेचे दुखणे डोक्यात जाणवणे हा भास नव्हे. त्यामागे शरीररचनेचे कारण आहे.

वेदनेत इतका फरक का पडतो?

वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्या व्याख्येसोबतच्या टिपणात तीन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत : वेदना हा नेहमीच व्यक्तिगत अनुभव असतो, त्यावर शारीरिक, मानसिक व सामाजिक घटकांचा कमी-अधिक प्रभाव असतो, आणि एखाद्याने "मला दुखते" असे सांगितले, तर त्याच्या सांगण्याचा आदर केला पाहिजे. मानजन्य डोकेदुखीत हे घटक पुढीलप्रमाणे काम करतात.

१. दुखण्याचा उगम. कोणाच्या बाबतीत सांधा आखडलेला असतो, कोणाच्या बाबतीत स्नायू दुर्बल वा ताठर झालेले असतात, तर कोणाच्या बाबतीत अपघातात मानेला बसलेला हिसका कारणीभूत असतो. उगम वेगळा, तशी दुखण्याची जागा आणि जातही वेगळी.

२. चेतासंस्थेची संवेदनशीलता. दुखणे अनेक महिने टिकले, तर मेरुरज्जू आणि मेंदू संदेशांना अधिकाधिक तीव्र प्रतिसाद देऊ लागतात. रेडिओचा आवाज कोणीतरी वाढवून ठेवावा आणि हळू बोलणेही कर्कश ऐकू यावे, तशी ही स्थिती असते. मग मानेवर हलका दाब पडला तरी दुखते. याउलट, मेंदूकडून खाली येणारे काही संदेश वेदना शमवण्याचेही काम करतात. ही शमवण्याची क्षमता प्रत्येकात सारखी नसते.

३. झोप. अपुरी झोप वेदना सहन करण्याची मर्यादा खाली आणते आणि वेदना झोप मोडते. रात्रपाळी करणारे, तान्ह्या बाळाच्या माता आणि आजाऱ्याची शुश्रूषा करणारे या चक्रात लवकर सापडतात.

४. मन आणि भीती. चिंता व नैराश्य यांमुळे वेदनेची तीव्रता वाढते. "मान हलवली तर नस दबेल" या भीतीने काही जण मान हलवणेच सोडतात. त्यामुळे स्नायू आणखी दुर्बल होतात आणि दुखणे वाढते. मनाचा वेदनेवर परिणाम होतो याचा अर्थ वेदना मनाची कल्पना आहे, असा मुळीच नाही.

५. काम आणि परिस्थिती. ज्याला काम थांबवून दहा मिनिटे मान सैल करता येते त्याचे दुखणे, आणि नगावर मजुरी मिळत असल्याने ज्याला थांबताच येत नाही त्याचे दुखणे, यांत फरक पडणारच.

६. शरीराची घडण व पूर्वेतिहास. आनुवंशिकता, मासिक पाळीच्या काळातील बदल, पूर्वीच्या दुखापती आणि इतर आजार यांचाही वाटा असतो.

या सहा घटकांची सरमिसळ प्रत्येकात निराळी असते. शेजाऱ्याला ज्या उशीने बरे वाटले तिने आपल्याला का वाटत नाही, किंवा बहिणीचे दुखणे आठवड्यात गेले आणि आपले तीन महिने का रेंगाळले, याचे उत्तर येथे आहे. यात आपला दोष नाही.

चित्रात दिसते ते आणि प्रत्यक्षात जाणवते ते

एमआरआय अहवालात 'झीज' किंवा 'गादी सरकली' असे शब्द वाचून अनेक जण घाबरतात. जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १२११ स्वयंसेवकांची एमआरआय तपासणी करण्यात आली. त्यांतील सुमारे ८८ टक्के व्यक्तींच्या मानेतील गाद्या फुगीर झालेल्या आढळल्या. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. केस पांढरे व्हावेत तशी वयानुसार मणक्यांची झीज होते, आणि ती असूनही बहुसंख्य लोकांना दुखत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चित्र निर्दोष असले तरी व्यक्तीला तीव्र वेदना असू शकतात. सांध्याचा ताठरपणा, स्नायूंची दुर्बलता आणि चेतासंस्थेची वाढलेली संवेदनशीलता चित्रात दिसत नाही. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेले नाही" हे विधान अपुरे आहे. हाताने केलेली मानेची तपासणी आणि आपण सांगितलेली हकिकत यांना अहवालाइतकेच महत्त्व आहे. पुढे दिलेल्या धोक्याच्या खुणा नसतील, तर प्रत्येक डोकेदुखीसाठी एमआरआयची गरज नसते.

आपली वेदना नेमक्या शब्दांत सांगा

वेदना मोजणारे यंत्र नाही. आपले शब्द हेच डॉक्टरांचे पहिले साधन आहे. "डोके दुखते" एवढ्यावर थांबू नका. ते ठणकते, जड होते, आवळल्यासारखे वाटते, टोचते, सणक मारते, की मुंग्या येतात? मराठीत यासाठी भरपूर शब्द आहेत, ते वापरा. आपण दुसऱ्या भाषेच्या राज्यात राहत असाल आणि तेथील भाषेत सांगणे कठीण जात असेल, तर बोटाने जागा दाखवा, दुखणे कोठून कोठे जाते ती रेषा हाताने काढून दाखवा आणि भाषा जाणणाऱ्या व्यक्तीला सोबत न्या.

चार आठवड्यांची वेदना-नोंद ठेवावी. वही नसेल तर भिंतीवरील दिनदर्शिकेवर खुणा केल्या तरी चालेल. नोंदीत पुढील बाबी असाव्यात :

• दुखणे कधी सुरू झाले व किती वेळ टिकले
• कोणती बाजू, कोठून कोठे
• तीव्रता : शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे आपल्या कल्पनेतील सर्वांत वाईट दुखणे
• त्याआधी काय करत होतात
• आदल्या रात्रीची झोप. लागू असल्यास मासिक पाळीचा दिवस
• घेतलेली गोळी आणि तिचा उपयोग
• दुखण्यामुळे कोणते काम राहून गेले

शून्य ते दहा हा अंक केवळ आपल्याच मागील अंकाशी ताडून पाहण्यासाठी असतो. आपले 'सहा' आणि दुसऱ्याचे 'सहा' एकसारखे नसतात. गेल्या महिन्यात सात असलेले दुखणे या महिन्यात चारवर आले का आणि राहून गेलेली कामे पुन्हा होऊ लागली का, हे पाहणे खरे उपयोगाचे.

उपचार : कोणाला काय लागू पडेल?

ऑस्ट्रेलियात २०० मानजन्य डोकेदुखीग्रस्तांवर झालेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मार्गदर्शक ठरला आहे. प्रशिक्षित भौतिकोपचार तज्ज्ञांनी हाताने केलेले सांध्यांचे उपचार आणि मान व खांद्यांचे हलके, नेमके व्यायाम या दोहोंनी डोकेदुखीची वारंवारता व तीव्रता कमी झाली आणि हा लाभ वर्षभरानंतरही टिकून होता. त्याच रुग्णांच्या पुढील विश्लेषणात आणखी एक बाब दिसली : वय जास्त असणे किंवा दुखणे जुने असणे, यामुळे सुधारणेची वाट बंद होत नाही. कोणाला नक्की बरे वाटेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून एक उपचार काही आठवडे नीट करून पाहणे, नोंद ठेवणे आणि गरज भासल्यास बदलणे, हीच योग्य पद्धत आहे.

बहुतेकांना करता येईल असा एक सौम्य व्यायाम : उताणे झोपा. डोक्याखाली पातळ उशी किंवा घडी केलेला टॉवेल ठेवा. डोके न उचलता, 'हो' म्हणताना हलवतो तशी हनुवटी अगदी हळू गळ्याकडे घ्या. पाच ते दहा सेकंद धरा, श्वास रोखू नका, मग सैल सोडा. असे दहा वेळा करा. मानेच्या बाहेरील स्नायूंवर ताठ ताण जाणवला, तर आपण अधिक जोर लावत आहात असे समजा. पहिल्या वेळी हा व्यायाम भौतिकोपचार तज्ज्ञांकडून शिकून घेणे उत्तम. चक्कर, हाताला मुंग्या किंवा दुखण्यात स्पष्ट वाढ झाल्यास थांबा. मानेला अलीकडे दुखापत झालेली असेल, तर तपासणीपूर्वी कोणताही व्यायाम करू नका.

उर्वरित काळजी आपल्या कामानुसार ठरवावी :

• संगणक किंवा मोबाइलवर काम : पडदा डोळ्यांच्या पातळीजवळ आणा आणि दर अर्ध्या तासाने उठा.
• शिवण, भरतकाम, पैलूकाम : कामच उंचीवर आणा, जेणेकरून मान कमी वाकेल, हात मोकळे होताच खांदे फिरवा.
• डोक्यावर ओझे : एका मोठ्या खेपेऐवजी दोन लहान खेपा करा, डोके आधीच दुखत असेल त्या दिवशी हे काम दुसऱ्यावर सोपवता येते का, ते पाहा.
• झोप : उशी इतकीच जाड असावी की मान वर उचललीही जाणार नाही आणि खाली लटकणारही नाही. पालथे झोपणे टाळा.

मानेचा पट्टा दीर्घकाळ वापरल्यास स्नायू दुर्बल होतात. तो डॉक्टरांनी सांगितला तरच आणि सांगितला तितकेच दिवस वापरावा.

वेदनाशामक गोळ्यांबाबत सावधगिरी

वारंवार घेतलेली गोळीच नव्या डोकेदुखीचे कारण ठरू शकते. तीन महिन्यांहून अधिक काळ, पॅरासिटामॉलसारखी साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अथवा संयुक्त गोळ्या १० किंवा अधिक दिवस घेतल्यास हा धोका निर्माण होतो. आपल्या वेदना-नोंदीतील गोळ्यांचे दिवस मोजा. ते या मर्यादेजवळ असतील तर डॉक्टरांना सांगा. औषधाच्या दुकानातून विचारून घेतलेल्या 'दुखण्याच्या गोळ्या' जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर परिणाम करू शकतात. गर्भवती महिला, मूत्रपिंडाचे विकार असलेले आणि जठरव्रणाचा त्रास झालेले यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना त्या घेऊ नयेत. दुसऱ्याला लागू पडलेली गोळी उसनी घेऊ नका.

मान मोडून घेऊ नका

केस कापून झाल्यावर मान झटक्यात 'कडकन' मोडून घेण्याची सवय अनेकांना असते. क्षणभर हलके वाटते, परंतु अशा झटक्याने मानेतील रक्तवाहिनीला किंवा चेतेला गंभीर इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. मानेवर हाताने करावयाचे उपचार प्रशिक्षित व्यक्तीकडूनच आणि तपासणीनंतरच घ्यावेत.

धोक्याच्या खुणा : तातडीने रुग्णालयात जा

वेदना व्यक्तीनुसार बदलते, हे खरे असले तरी पुढील खुणा कोणातही दिसल्या तरी वाट पाहू नये :

• काही क्षणांत शिगेला पोहोचणारी, आयुष्यात कधी न अनुभवलेली डोकेदुखी
• ताप आणि मान ताठ होणे, शुद्ध हरपणे किंवा झटके
• चेहरा वाकडा होणे, बोलणे अडखळणे, हातपाय लुळे पडणे, दुहेरी दिसणे
• डोके वा मान यांना मार लागल्यानंतर, किंवा मान मोडल्यानंतर, सुरू झालेले दुखणे
• चालताना तोल जाणे, हातातून वस्तू निसटणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे
• गर्भावस्थेत किंवा प्रसूतीनंतर नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी

पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः चावताना जबडा दुखणे किंवा दृष्टी अंधुक होणे यांसह, त्याच दिवशी दाखवावी. मानदुखीसोबत संध्याकाळचा ताप व वजन घटणे ही लक्षणे असल्यास मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते. "शेजारणीलाही असेच होत होते, ते आपोआप गेले" या समजुतीवर या खुणा अंगावर काढू नका.

कुटुंबीयांसाठी

"मलाही दुखते, मी नाही का काम करत?" हे वाक्य घरोघरी ऐकू येते आणि ते बहुतेक वेळा घरातील महिलेला ऐकावे लागते. ज्यांचे दुखणे मानले जात नाही, ते दुखणे सांगणे सोडतात. उपचारास उशीर होतो आणि धोक्याची खूणही लपून राहते. शांतपणे काम करणाऱ्याला दुखत नसेल असे गृहीत धरू नका, आणि कण्हणाऱ्याला ढोंगी ठरवू नका. "आज किती दुखते? कोणते काम मी घेऊ?" हे दोन प्रश्न पुरेसे आहेत.

मदत कोठे मिळेल?

प्रथम जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी किंवा वैद्यकीय अधिकारी तपासणी करून गरजेनुसार पुढे पाठवतील. ई-संजीवनी या सरकारी दूरचिकित्सा सेवेद्वारे घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. सततच्या वेदनेमुळे मन खचले असेल, तर टेली-मानस या विनामूल्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. आणीबाणीत ११२ क्रमांकावर संपर्क साधा.

लक्षात ठेवा

• वेदनेची तीव्रता म्हणजे इजेचे माप नव्हे.
• आपली तुलना आपल्याच कालच्या स्थितीशी करा.
• दुसऱ्याचा उपचार उसना घेऊ नका. आपली नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा.
• दुखणे जुने असले तरी सुधारणा शक्य असते.

जनहितार्थ प्रसारित